पुस्तक मिटल्यावर

सहावीतला मुलगा संध्याकाळी दोन तास दिव्याखाली पुस्तक उघडून बसतो. चाचणीत मात्र त्याला एक उत्तर धड लिहिता येत नाही. ‘रात्री सगळे येत होते,’ असे तो रडत सांगतो, आणि घरचे त्यास खोटारडा ठरवितात. दोन वर्षे असेच चालले म्हणजे ‘याला डोके नाही, कामाला लावा’ अशी भाषा सुरू होते. पालकहो, तो निर्णय घेण्यापूर्वी एवढेच आठवावे की, ‘अभ्यास कर’ असे आपण त्यास शेकडो वेळा बजावले. अभ्यास करावा कसा, हे एकदा तरी दाखविले काय?

मुलगा बहुधा खरेच बोलत असतो. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदाच वाचून, कागद बाजूस ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवत होता. आठवड्याने मात्र त्याचा शेकडा ४२ भाग आठवला, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्याचा शेकडा ५६. वाचताना ‘येते’ असे वाटणे आणि पुढे खरोखर येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आपल्या ख्रिस्तसभेतील शिक्षकांस हे मर्म पूर्वीच उमगले होते. येशूसंघाने १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी अभ्यासपद्धती ठरविली, तीत पाठ ऐकून घेण्यासाठी वर्गातील काही विद्यार्थीच नेमलेले असत, आणि शनिवारी आठवडाभराच्या पाठांची उजळणी होई. घोकंपट्टीचा अतिरेक मलाही मान्य नाही. परंतु ऐकणारा कोणी असावा, ही त्यातली गोष्ट लाखमोलाची आहे.

आणि ऐकण्यासाठी शाळा शिकलेलेच असावे लागते असे नाही. आईने भाकरी थापता थापता म्हणावे, ‘बाळ, पुस्तक मीट, आणि आज पाऊस कसा पडतो ते शिकलास ना, ते मला सांग.’ मूल जेथे अडखळेल तेथेच त्याने पुन्हा पुस्तक उघडावे, तेवढेच वाचावे, मिटून पुन्हा सांगावे. अक्षरओळख नसलेल्या आजीसही नातू कोठे अडला ते कळते. अडला म्हणून रागे भरू नये. अन्यथा उद्या तो सांगावयास येणारच नाही.

दुसरी अडचण पसाऱ्याची. खालच्या वर्गांत बहुधा एकच गुरुजी सर्व शिकवीत. आता विषयागणिक शिक्षक निराळे, वही निराळी, चाचणीचा वार निराळा. बेळगावकडील मराठी शाळेतल्या मुलास तर मराठी, कानडी व इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळावयाच्या. मोठ्यांसही हे जड जाईल. त्याला एक छोटी वही द्यावी. शाळेत मिळालेले काम त्याने तेथेच, त्याच तासाला टिपावे. गुरुवारी चाचणी असेल तर सोमवार, मंगळवार व बुधवार अशी तिची वाटणी त्याच्याकडूनच करवून घ्यावी. पहिले काही आठवडे आपण शेजारी बसावे, मग हळूहळू उठून जावे. वाटणी प्रथम चुकेल; चुकू द्यावी.

दप्तर मात्र रात्रीच भरावे. जपमाळेची प्रार्थना आटोपली की वेळापत्रक पाहून वह्या, कंपासपेटी आणि ती छोटी वही आत जावी, व दप्तर दाराजवळच्या खुंटीस टांगावे. सकाळी पाण्याची, डब्याची, बसची घाई असते; त्या वेळी भूगोलाची वही कोणाला सापडणार?