लग्नाची मेकअपवाली निवडताना : आधी डबी बघा, मग फोटो



मागच्या उन्हाळ्यात चारकोपमधल्या आमच्या वस्तीत एक लग्न होतं. आदल्या रात्री साडेअकराला दार वाजलं. नवरीची आई उभी. "सिस्टर, जरा चला ना. पोरीचं तोंड बघा." जाऊन बघते तर पोरीच्या पापण्या सुजून डोळे मिटलेले, कपाळाच्या कडेला आणि कानामागे बारीक फोड, अंगठ्याने दाबलं तर चेहरा कळवळून ओढायची. दोन दिवसांपूर्वी तिने एका पार्लरमध्ये केसांना काळा रंग लावला होता. पाच मिनिटांत रंगणारी काळी मेहंदीही तिथेच काढून घेतली होती. रात्रीच दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी विहारात मंगल परिणय ठरल्या वेळी पार पडला. पण त्या लग्नाचा अल्बम आजही कपाटातच असतो. पोरगी तो कुणाला दाखवत नाही.

त्या पार्लरवाल्या ताईचा हेतू वाईट नव्हता. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आपणही तिला काही विचारलं नव्हतं. आपण मेकअपवाली ठरवतो कशावरून? मोबाईलवरचे फोटो, भाव, आणि "पोरगी गोरी दिसली पाहिजे" या एका अटीवरून. म्हणून यंदाच्या लग्नसराईआधी हा लेख.

गोरेपणाची हमी देणारीला नकार द्या

"दोन महिने ही क्रीम लावा, लग्नापर्यंत उजळेल" असं म्हणून बिननावाची डबी हातात देणारी बाई आपल्या कामाची नाही. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट निघते.

पहिली म्हणजे पारा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनीही ब्युटीशियनने दिलेली गोरेपणाची क्रीम वापरली आणि तिघींच्याही किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं, तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेचा काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि किडनीच्या गाळण्या खराब करतो. लघवीला फेस येणं, सकाळी तोंड आणि संध्याकाळी पाय सुजणं ही त्याची लक्षणं. अशी क्रीम लावली असेल आणि हे दिसत असेल, तर क्रीम बंद करा, लघवीची तपासणी करा आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. यानं आठ-दहा दिवसांत चेहरा तुकतुकीत होतो, म्हणून खरेपणा वाटतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात गेलं की लाल होते, पुटकुळ्या येतात, केस वाढतात. क्रीम सोडली की आग होते, म्हणून बाई ती सोडूच शकत नाही. २०१८ मध्ये सरकारने चेहऱ्याला लावायच्या अशा कितीतरी स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, ती याच कारणाने.

पेटी उघडून दाखवायला सांगा

चांगली मेकअपवाली यावर रागावत नाही. पुढच्या गोष्टी बघा.

डबीवर बनवणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापरायची मुदत छापलेली हवी. मोठ्या डब्यातून काढून छोट्या डबीत भरलेला माल नको.

ब्रश आणि स्पंज धुतलेले, वाळलेले हवेत. पाण्याची अडचण सगळ्यांनाच आहे, पण आदल्या नवरीचा ओला स्पंज तुमच्या मुलीच्या तोंडावर फिरायला नको. त्यातून पुरळ, गजकर्ण पसरतं.

लिपस्टिक थेट ओठाला न लावता काडीने खरवडून ब्रशने लावावी. काजळ आणि मस्कारा घरचाच, नवा घ्या. डोळे येणं आणि ओठावरचे पाणी भरलेले फोड एकीकडून दुसरीकडे असेच जातात.

आयब्रो किंवा केस काढायला ब्लेड लागलं, तर ते समोर पाकिटातून काढलेलं असावं.

दोन दिवसांची परीक्षा

केसांचा काळा रंग आणि "काळी मेहंदी" यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. खरी मेहंदी कधीच काळी नसते. ती आधी नारिंगी दिसते आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. पाच मिनिटांत काळी झाली तर ती मेहंदी नव्हे, रंग आहे.

पीपीडीचा त्रास लगेच दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी सूज येते. म्हणूनच लग्नाच्या दोन दिवस आधी रंग लावलेल्या मुली नेमक्या लग्नाच्या तोंडावर सुजतात. "मागे लावला तेव्हा काही झालं नाही" यावर जाऊ नका, हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही सुरू होतो.

उपाय सोपा आहे. रंग, फाउंडेशन, पापण्यांचा गोंद, जे लागणार असेल त्याचा एक ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि ४८ तास बघा. खाज, लाली आली तर ती वस्तू नको. केसांचा रंग, पहिलं फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग हे सगळं लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी उरका. शेवटच्या आठवड्यात तोंडावर नवं काही लावायचं नाही.

ट्रायल दारात उभं राहून

ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं. ट्रायल झाली की मुलीला दिवसाच्या उजेडात उभी करा. फाउंडेशनचा रंग हनुवटीच्या कडेला, मानेशी जुळला पाहिजे. चेहरा पांढरा आणि मान सावळी दिसली, तर रंग चुकला. आपल्याकडे नवरी पांढरी साडी नेसते, त्यावर पांढराफटक चेहरा आणखीच उठून दिसतो. सावळ्या रंगाला पांढरी साडी किती शोभते, हे एकदा तसंच करून बघा. तासभर मेकअप अंगावर ठेवून घाम येऊ द्या, मग कळतं तो टिकतो का.

अंबाडा इतका आवळून बांधायला लावू नका की डोकं ठणकेल. आणखी एक गोष्ट मेकअपवालीला आधीच सांगा. आपल्या विधीत नवरी वाकून मेणबत्ती आणि अगरबत्ती लावते. केसांचा स्प्रे पेट घेणारा असतो, नकली केसही. स्प्रे मारायचा तो विधीच्या पुरेसा आधी, वाळू द्यायचा, आणि पुढे सुट्या बटा सोडायच्या नाहीत.

पैशाचं लिहून घ्या

ती स्वतः येणार की मदतनीस पाठवणार, त्या दिवशी दुसरी किती लग्नं घेतली आहेत, किती वाजता येणार, साडी नेसवणं, फुलं, येण्याजाण्याचा खर्च भावात आहे का, लग्न पुढे गेलं तर अॅडव्हान्सचं काय, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. पूर्ण पैसे आधी देऊ नका. आणि मेकअपसाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

त्रास झालाच तर

भरपूर पाण्याने धुवा. लिंबू, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. पाकीट जपून ठेवा, चेहऱ्याचा फोटो काढा. आपल्याला जवळचं म्हणजे कांदिवलीचं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, ज्याला आपण शताब्दी म्हणतो, तिथे दाखवा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करा. बिननावाच्या क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

हे वाचून वस्तीतल्या पार्लरला घाबरू नका. महागडं पार्लर स्वच्छच असतं असं नाही, आणि एका खोलीत काम करणारी आपली ताई अस्वच्छच असते असंही नाही. तिला हा लेख वाचायला द्या. हा धंदा आपल्या मुलींनी करावा असाच आहे. सिनेमात मेकअप पुरुषांनीच करायचा, बायकांनी फक्त केस करायचे, असा इथल्या मुंबईतल्या संघटनेचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो संविधानाविरुद्ध ठरवला. ज्या मुली हे काम शिकतात, त्यांनी ते नीट शिकावं, एवढंच.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितलं होतं की स्वच्छ राहा, नीटनेटकं नेसा, अंगावरचे ते दागिन्यांचे ढीग उतरवा. गोऱ्या व्हा, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या आयाबहिणी त्यांच्या होत्या त्याच रंगात, ताठ मानेने घरी परतल्या. आपल्या लेकीही लग्नाच्या दिवशी तशाच दिसू देत.