एसीचा गॅस 'संपतो' म्हणजे जातो कुठे?

"गाडीच्या एसीचा गॅस संपलाय, भरून आणायला पाहिजे." मार्च उजाडला, की हे वाक्य गावोगावी ऐकू येऊ लागते. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडले, की डोंगरकडा लागते. केळीच्या बागांचा हा भाग. पण बागेबाहेरच्या रस्त्यावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. इकडच्या अनेक शिक्षकांकडे जुनी मारुती ८०० किंवा तशीच एखादी छोटी गाडी असते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता दहा वर्षांच्या पुढची आहे. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरायचा, हा क्रम तिच्या मालकांना नवा नाही.

गोम आहे ती 'संपला' या शब्दात. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तो जळतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, कशात रूपांतरितही होत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरतो. छोट्या गाडीत तो जेमतेम अर्धा किलो असतो आणि एसी जोरात चालू असताना साधारण अर्ध्या मिनिटात एक फेरी पुरी करतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे तळाला भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे.

ही फेरी समजण्यासाठी माठ आठवावा. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेते, म्हणून पाणी गार होते. एसीतही द्रवाची वाफच होते. फरक इतकाच, की माठाची वाफ हवेत निघून जाते, तर इथे ती पकडून, दाबून तिचा पुन्हा द्रव केला जातो. कॉम्प्रेसर वाफ दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या जाळीदार कंडेन्सरमध्ये ती बाहेरच्या हवेला उष्णता देते आणि द्रव होते. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळू लागतो. सध्या बहुतेक जुन्या गाड्यांत असणारा आर-१३४ए हा पदार्थ साध्या वातावरणीय दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. दाब वातावरणाच्या सुमारे ३ पट ठेवला, तर तो शून्याच्या आसपास उकळतो आणि नेमके हेच आपल्याला हवे असते.

दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये साधारण ६० अंशांचे दोन-तीन मिलिलिटर पाणी घ्यावे, आतली हवा काढून टाकावी, तोंडावर बोट घट्ट दाबावे आणि दट्ट्या झटकन मागे ओढावा. पाणी बुडबुडे सोडत उकळू लागते. या प्रयोगाची आठवण पुढे एकदा लागणार आहे.

आता बाहेर ४३ अंश तापमान असेल, तर कंडेन्सरने उष्णता बाहेर टाकायची कशी? त्याला स्वतः त्याहून गरम व्हावे लागते. ६० अंशांना आर-१३४ए द्रव व्हायचा, तर वातावरणाच्या सुमारे १७ पट दाब लागतो. ७० अंशांना २१ पट. कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांत काळ्या मातीची धूळ, किडे आणि भुसा बसला, की हवा आत शिरत नाही, तापमान आणि दाब दोन्ही चढतात आणि कॉम्प्रेसरला जास्त काम पडते. ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला हा भार चांगलाच जाणवतो. चढावर एसी बंद करावासा वाटतो तो म्हणूनच. पुष्कळदा 'गॅस कमी' असे निदान झालेल्या गाडीला खरी गरज असते ती कंडेन्सर धुण्याची. पाण्याची धार साधी असावी, शक्य तर इंजिनाच्या बाजूकडून पुढे सोडावी. गाड्या धुण्याच्या पंपाचा जोरदार फवारा मारला, तर पट्ट्या आडव्या होतात आणि रोगापेक्षा उपाय भारी पडतो. कंडेन्सरपुढचा पंखा फिरतो की नाही, तेही पाहावे. चालत्या गाडीत थंडावा आणि उभ्या गाडीत गरम हवा, असे होत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा.

घरातला फ्रिज वीस-वीस वर्षे त्याच गॅसवर चालतो; मग गाडीचा एसी का गळतो? फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात वितळजोड करून बंद केलेले असतात. गाडीत कॉम्प्रेसर फिरतो इंजिनाच्या बेल्टवर, म्हणून त्याचा दांडा डब्याबाहेर काढावा लागतो. फिरत्या दांड्याभोवतीचे सील कधीच शंभर टक्के बंद नसते. शिवाय इंजिन हादरत असल्याने काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक जोडावर रबरी रिंग असते. उष्णतेने रबर कडक होते, तडकते. दांड्याचे सील ओले राहते ते गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलामुळे. हिवाळ्याचे चार महिने एसी लावलाच नाही, तर सील कोरडे पडते. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. या देखभालीला वेगळा खर्च नाही.

गॅसबरोबर तेलही झिरपते, त्यामुळे गळतीची जागा बऱ्याचदा डोळ्यांना दिसते. जोडाभोवती तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. चांगला कारागीर रिकाम्या नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून हीच परीक्षा घेतो.

दुरुस्तीनंतर गॅरेजवाले 'व्हॅक्यूम मारतात', म्हणजे पंपाने आतली सगळी हवा काढतात. घाईत ही पायरी पाच मिनिटांत उरकली जाते. हवा तर पाच मिनिटांत निघते. मग अर्धा-पाऊण तास पंप कशाला? इथे सिरिंज आठवावी. नळ्यांना आतून चिकटलेले पाणी त्या अतिशय कमी दाबाखाली उकळून वाफ होते आणि निघून जाते, पण त्याला वेळ लागतो. पाणी राहिले, तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतो; एसी थोडा वेळ चालतो, बंद पडतो, पुन्हा चालतो. तेल आणि गॅस यांच्या संगतीत ओलावा आम्लही तयार करतो आणि ते धातूला खाते. ओलावा शोषणारे दाणे असलेली ड्रायरची बाटलीसुद्धा यासाठीच असते. नळ्या उघडल्या की ती बदलायची. मग गॅस भरायचा तो वजन करून. 'थोडा जास्त टाका' म्हटल्याने गारवा वाढत नाही, दाब तेवढा वाढतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू देऊ नये. गॅस फार कमी झाला, की दाबाचा स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. तेल गॅसबरोबरच फिरत असल्याने गॅसविना कॉम्प्रेसर कोरडा चालेल आणि जाम होईल. हा स्विच टाळून वायर 'डायरेक्ट' करणारे हात आहेत. एका दुपारच्या गारव्यासाठी ते सर्वांत महागडा भाग पणाला लावतात. स्वस्तात म्हणून घरगुती सिलिंडरमधला गॅस भरण्याचा उद्योगही चालतो. तो थंड करतो, हे खरे आहे. घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन वापरतात, पण तो काही ग्रॅम, पक्क्या बंद नळीत. गाडीत कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यातच असते. बंद काचांच्या गाडीत ज्वालाग्राही वायूची गळती झाली आणि कोणी काडी ओढली, तर काय होईल हे सांगायला नको.

गळणारा गॅस पुढे जातो कुठे, याचाही हिशेब मांडू. जुन्या गाड्यांत पूर्वी आर-१२ म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन असे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवले, की त्यातला क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि भारतात क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर त्याचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे अर्धा किलो गळला, तर ७१५ किलो. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा हे झाले ३१० लिटर पेट्रोल. लिटरला १६ किलोमीटर धरले, तर जवळजवळ ५,००० किलोमीटरचा प्रवास. डोंगरकड्याहून मुंबईच्या सुमारे चार फेऱ्या! हे गणित नववी-दहावीच्या वर्गात आपापल्या गावाचे अंतर घालून करून घेता येईल.

२०१६ मध्ये किगाली येथे या वायूंचाही वापर उतरवायचे ठरले. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली; आपल्याकडे २०२८ पासून वापर गोठेल आणि २०३२ पासून उतरत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी होईल. म्हणजे जुन्या गाडीत आज असलेला अर्धा किलो गॅस पुढे सहज आणि स्वस्त मिळेलच असे नाही. गॅरेजमध्ये नळी उघडण्यापूर्वी तो हवेत 'फुस्स' सोडला जातो. तसे न करता यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेता येतो, गाळता येतो आणि त्याच गाडीत परत भरता येतो. हे यंत्र आहे का, असे विचारूनच गॅरेज निवडावे. गाडी भंगारात देतानाही नळ्या कापण्याआधी हे करून घ्यावे.