सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू कोण? गुणांचे कोष्टक आणि न मिटणारा वाद

ऑगस्ट २०१५ मध्ये बेंगळुरू येथील कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक वेगळ्याच स्वरूपाची याचिका दाखल झाली. देशातील सर्वोच्च क्रीडा सन्मान असलेल्या खेलरत्न पुरस्कारासाठी टेनिसपटू सानिया मिर्झा यांची झालेली निवड नियमांना धरून नाही, असा आक्षेप अपंग उंच उडीपटू गिरीशा एच. एन. यांनी या याचिकेद्वारे घेतला होता. शासनाच्याच गुणपद्धतीनुसार आपल्या खात्यावर ९० गुण जमा असून हा पुरस्कार आपल्याला मिळावयास हवा होता, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने केंद्र सरकार व सानिया मिर्झा यांना नोटीस बजावली. दरम्यान, २९ ऑगस्ट रोजी राष्ट्रपती भवनात तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सानिया यांना पुरस्कार प्रदान करण्यात आला.

श्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद चहाच्या टपरीपासून वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत सर्वत्र चालतो. बेंगळुरूत मात्र तो न्यायालयाच्या दारात पोहोचला. वेगवेगळ्या खेळांतील खेळाडूंची तुलना करता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या मापाने, हा प्रश्न त्यानिमित्ताने पुढे आला. तो समजून घेण्यासाठी बेंगळुरूइतके योग्य शहर दुसरे क्वचितच सापडेल.

वादाचे मूळ काय?

गिरीशा हे कर्नाटकातील हासन जिल्ह्याचे. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये त्यांनी उंच उडीच्या एफ-४२ गटात रौप्यपदक मिळविले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेले हे एकमेव पदक होते. त्या अंतिम फेरीत पहिल्या तिन्ही खेळाडूंनी १.७४ मीटर हीच उंची पार केली होती. फसलेल्या प्रयत्नांच्या हिशेबाने फिजीचे इलिएसा डेलाना यांना सुवर्णपदक व गिरीशा यांना रौप्यपदक देण्यात आले. कामगिरी सारखीच असली तरी क्रम कसा लावायचा, याचा नियम आधीच ठरलेला होता आणि तो तिघांनाही ठाऊक होता. त्यामुळे तेथे वाद उद्भवला नाही.

पुरस्काराच्या बाबतीत मात्र असा सर्वमान्य नियम नव्हता. ऑलिंपिक, पॅरालिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धा यांतील पदकांना ठरावीक गुण देण्याची पद्धत शासनाने स्वीकारली होती. निवड समितीच्या मनमानीला आळा बसावा, हा त्यामागील हेतू होता. दुसरीकडे, सानिया मिर्झा यांनी त्याच वर्षी महिला दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिले स्थान पटकावले होते आणि जुलै महिन्यात मार्टिना हिंगिस यांच्या साथीने विम्बल्डनचे विजेतेपदही मिळविले होते. टेनिसमध्ये विम्बल्डनपेक्षा मोठी स्पर्धा नाही. परंतु पदकांवर आधारलेल्या कोष्टकाला तिचे मोल सांगता येत नव्हते. दोन्ही खेळाडूंची बाजू आपापल्या परीने रास्त होती, हेच या प्रकरणाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

हा प्रसंग एकमेव नाही. २०१८ मध्ये खेलरत्नसाठी क्रिकेटपटू विराट कोहली व भारोत्तोलक मीराबाई चानू यांची निवड झाली, तेव्हा अधिक गुण असलेले कुस्तीगीर बजरंग पुनिया यांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला होता. क्रिकेटमधील कामगिरी या गुणपद्धतीत बसतच नव्हती, त्यामुळे तेव्हाही वाद तोच होता.

एक शहर, चार खेळाडू

कोष्टकाची मर्यादा स्पष्ट होण्यासाठी बेंगळुरूच्याच चार खेळाडूंचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

प्रकाश पदुकोण यांनी सलग नऊ वर्षे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेतेपद राखले. मार्च १९८० मध्ये इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यांचा १५-३, १५-१० असा पराभव करून ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. तथापि, त्यांच्या नावावर ऑलिंपिक पदक नाही. याचे कारण साधे आहे. पदकांसाठीचा अधिकृत खेळ म्हणून बॅडमिंटनचा ऑलिंपिकमध्ये समावेश १९९२ मध्ये, बार्सिलोना येथे झाला. तोवर पदुकोण यांची कारकीर्द संपली होती.

राहुल द्रविड यांचा जन्म इंदूरमधील एका मराठी कुटुंबातील. ते वाढले बेंगळुरूत. त्यांनी १६४ कसोटी सामन्यांत १३,२८८ धावा केल्या आणि ३१,२५८ चेंडूंना तोंड दिले. कसोटीत याहून अधिक चेंडू आजवर कोणीही खेळलेले नाहीत. अनिल कुंबळे यांनी कसोटीत ६१९ बळी घेतले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध एकाच डावात दहाही गडी बाद करण्याचा पराक्रम त्यांनी केला. असे असूनही या दोघांपैकी कोणालाही खेलरत्न मिळाला नाही.

चौथे नाव पंकज अडवाणी यांचे. पुण्यात जन्मलेल्या व बेंगळुरूत घडलेल्या अडवाणी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये दोहा येथे बिलियर्ड्समधील जागतिक विजेतेपद मिळविले, तेव्हा त्यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या २८ झाली. अडवाणी यांना वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच खेलरत्न मिळाला होता. संख्येकडेच पाहायचे ठरविले, तर अडवाणी या चौघांत सर्वांत पुढे ठरतात. परंतु बिलियर्ड्स व स्नूकर हे खेळ ऑलिंपिकमध्ये नाहीत आणि २०१० नंतरच्या तीन आशियाई स्पर्धांतही त्यांना स्थान नव्हते. शिवाय बिलियर्ड्स गांभीर्याने खेळणारे देश मोजकेच आहेत, असा आक्षेपही घेतला जातो. क्रिकेटच्या बाबतीतही हा आक्षेप लागू पडतो, हे मात्र सहसा विसरले जाते.

मोजण्याचे मार्ग कोणते?

खेळाडूंची तुलना करण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग पदके मोजण्याचा. अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांच्या नावावर २३ सुवर्णांसह २८ ऑलिंपिक पदके आहेत. मेजर ध्यानचंद यांच्याकडे १९२८, १९३२ व १९३६ अशी तीन सुवर्णपदके आहेत. परंतु जलतरणपटूला एकाच स्पर्धेत अनेक शर्यतींत उतरता येते, तर हॉकीपटूला चार वर्षांतून एकच पदक मिळू शकते. ध्यानचंद यांच्या ऐन उमेदीच्या काळात महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक स्पर्धाही झाली नाही. तेव्हा २८ विरुद्ध ३ ही तुलना खेळाडूंची न राहता खेळांच्या रचनेची होते.

दुसरा मार्ग संख्याशास्त्राचा आहे. खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता, हे त्यात पाहिले जाते. ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक चार्ल्स डेव्हिस यांनी या पद्धतीने निरनिराळ्या खेळांतील दिग्गजांची तुलना केली. एखाद्या खेळातील खेळाडूंची सरासरी काढायची, त्या सरासरीभोवती इतर खेळाडू किती पसरलेले आहेत ते पाहायचे आणि श्रेष्ठ खेळाडू त्या पसाऱ्याच्या किती पट दूर आहे ते मोजायचे, अशी ही रीत. या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. कसोटीत ९९.९४ ची सरासरी राखणारे डॉन ब्रॅडमन या मोजणीत ४.४ अंकांसह पहिले आले, तर फुटबॉलपटू पेले ३.७ अंकांसह दुसरे. खेळ भिन्न असले तरी तुलना करता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. तिची उणीव अशी, की धावा किंवा गोल यांसारखा मोजता येण्याजोगा आकडा ज्या खेळात आहे, तेथेच ती चालते. कुस्तीगीराची पकड अथवा बचावपटूची दक्षता तिच्या चिमटीत सापडत नाही.

तिसरा मार्ग जाणकारांच्या मताचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस असे अनेक कौल घेण्यात आले. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी मुष्टियोद्धा महंमद अली यांना शतकातील श्रेष्ठ खेळाडू ठरविले, तर अमेरिकेत ईएसपीएन या वाहिनीने उत्तर अमेरिकेतील खेळाडूंच्या यादीत बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांना पहिले स्थान दिले. त्याच यादीत अली तिसरे होते. त्याआधी, १९५० मध्ये अमेरिकेतील वृत्तसंस्थेच्या कौलात जिम थॉर्प यांची निवड झाली होती. मत देणारा कोण, कोणत्या देशाचा आणि कोणत्या पिढीचा, यावर उत्तर बदलते, हेच यातून दिसते.

महाराष्ट्राचा अनुभव

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. सन्मानाबरोबर पैसा, नोकरी व निवृत्तिवेतन येते. खेलरत्नची रक्कम २०२० मध्ये साडेसात लाख रुपयांवरून २५ लाख रुपये करण्यात आली. मोजणाऱ्याच्या दृष्टीआड राहिलेल्या खेळाडूला या साऱ्याची किंमत मोजावी लागते.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मात्र हयातीत त्यांना ना पद्म सन्मान मिळाला ना अर्जुन पुरस्कार. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि त्यानंतर सुमारे दीड दशकाने अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास २०२४ साल उजाडले; पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक जिंकले.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची कथाही अशीच आहे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर बावन्न वर्षांहून अधिक काळाने. गुण मोजण्याची पद्धत तेव्हा असती, तर कदाचित हा विलंब टळला असता. त्यामुळे कोष्टक नकोच, असे म्हणणेही योग्य ठरणार नाही. ज्याच्या मागे प्रसिद्धी नाही, प्रेक्षक नाहीत, त्या खेळाडूला आपली बाजू मांडण्यासाठी कोष्टक हाच एक आधार असतो. गिरीशा यांना न्यायालयात जाता आले, ते त्याच आधारावर.

उत्तर काय?

श्रेष्ठत्वाच्या नावाखाली प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न विचारले जातात. खेळाडू समकालीनांपेक्षा किती पुढे होता? हे अंतर त्याने किती काळ राखले? आणि त्याच्यामुळे मागून येणाऱ्यांसाठी काय बदलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संख्याशास्त्र बव्हंशी देऊ शकते. दुसऱ्यासाठी अडवाणी यांच्यासारखी दीर्घ कारकीर्द पाहावी लागते. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही कोष्टकात नसते. पदुकोण यांच्या १९८० च्या विजयाने भारतीय बॅडमिंटनला दिलेला आत्मविश्वास गुणांत मोजता येत नाही. तिन्हींचे उत्तर एकाच नावात शोधू लागले की वाद अटळ होतो.

यादीही स्थिर नसते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश होणार असल्याने द्रविड व कुंबळे यांना जे गुण मिळणे अशक्य होते, ते उद्याच्या क्रिकेटपटूला मिळू शकतील. याचा अर्थ तो त्यांच्याहून श्रेष्ठ ठरेल, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हिताचे आहे. सर्वकालीन श्रेष्ठ कोण, याचा निवाडा न्यायालय देऊ शकत नाही आणि समितीनेही तो देण्याचा आव आणू नये. ठरावीक कालावधीतील कामगिरीसाठी द्यावयाच्या पुरस्काराचे निकष मात्र आधी जाहीर करणे, त्यात सर्व मान्यताप्राप्त खेळांच्या सर्वोच्च स्पर्धांना स्थान देणे आणि निकषांबाहेर जाऊन निवड केल्यास तिची कारणे लेखी देणे शक्य आहे. उंच उडीच्या मैदानावर एवढी शिस्त असतेच.

या दिशेने काही बदल झालेही आहेत. २०१७ मध्ये भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया हे खेलरत्न मिळविणारे पहिले पॅरालिंपिकपटू ठरले. २०२४ सालच्या खेलरत्न विजेत्यांत नेमबाज मनू भाकर, बुद्धिबळपटू डी. गुकेश व हॉकीपटू हरमनप्रीत सिंग यांच्यासोबत प्रवीण कुमार यांचेही नाव होते. प्रवीण कुमार हे पॅरालिंपिकमधील उंच उडीपटू आहेत. गिरीशा यांनी ज्या खेळाच्या बळावर बेंगळुरूत दाद मागितली होती, त्याच खेळाला नऊ वर्षांनंतरच्या पुरस्कारांत हा मान मिळाला.