आमचे बंदर कोणते?

बेंबळी हे आमचे गाव धाराशिव जिल्ह्यातले. चहूकडे काळी जमीन, ज्वारी-तुरीची राने, आणि पाऊस आला तर आला! समुद्र म्हणाल तर तो आम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे दखनी बोलीचे शब्द आमच्या कानात बसलेले. एकदा वर्गात मी म्हणालो, “चौल हे प्राचीन बंदर होते.” मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, बंदर म्हणजे माकडच ना?” वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येताना वाटले, पोराचे काय चुकले? आपण तरी बंदर कुठे पाहिले आहे? म्हणून दिवाळीच्या सुटीत चौलला जाऊन आलो. तिथे गेल्यामुळे जे उमगले, ते तुम्हाला सांगतो.

चौल रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या अंगाला चौल आणि रेवदंडा ही जोडगावे, आणि समोरच्या काठावर कोर्लईचा डोंगरी किल्ला. माझ्या मनात मोठाली जहाजे आणि गोदामे होती. दिसल्या त्या नारळी-पोफळीच्या वाड्या, मासेमारीच्या होड्या आणि रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या तटाचे पडके दगड. एवढ्यासाठी का इतका प्रवास केला, असे क्षणभर वाटले खरे.

पण या गावाचे वय पाहा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्राची वाटाडी लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. कल्याणच्या पुढचे बंदर म्हणून तीत ‘सेमुल्ला’ हे नाव येते, तेच आपले चौल. आणि गंमत अशी की, त्याच पुस्तकात ‘तगर’ हे नाव आहे. तगर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर. जे. एफ. फ्लीट या इंग्रज विद्वानाने १९०१ साली ही ओळख पटवून दिली. गोरोबाकाकांचे तेर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहेच. बेंबळीहून सकाळी निघालो तर तेर पाहून संध्याकाळी घरी येता येते!

ग्रीक व्यापारी लिहितो की, तगराहून पुष्कळ साधे सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून, बंदराला जाते. कोणत्या बंदराला? मला वाटले, चौलला. पण नाही हो! ते जात होते थेट गुजरातेत भडोचला. तगराहून पैठण दहा दिवसांची वाट, आणि पैठणहून भडोच वीस दिवसांची. म्हणजे महिनाभर बैल हाकायचे. घाट उतरून कोकणात गेले तर समुद्र कितीतरी जवळ. मग हा वळसा कशासाठी?

उत्तर त्याच पुस्तकात आहे. कल्याण बंदराची तेव्हा नाकेबंदी झाली होती. तिथे ग्रीक जहाज लागलेच, तर पहारा बसवून ते भडोचला नेण्याचा संभव असे. पश्चिम किनाऱ्यासाठी सातवाहन आणि शक क्षत्रप यांची झुंज चालली होती, तिची ही झळ. दोन राजांचे भांडण समुद्रावर, आणि चाके झिजली ती तेरच्या गाडीवानांची! तेव्हा ध्यानात आले की, बंदर केवळ पाण्यावर जगत नाही. मागच्या मुलखातला माल, वाट आणि राज्यकर्त्याची मर्जी, या तिन्हींवर ते जगते.

पुढे चौलला चांगले दिवस आले. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला. बरोबर विकायला घोडा होता. तो जुन्नरवरून बिदरला गेला, म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यापर्यंत. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. मग पोर्तुगीज आले. त्यांनी १५२१ साली इथे किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने त्यांना वेढा घातला, पण ठाणे काही पडले नाही.

त्याच १५७१ साली, दूर पूर्वेला फिलिपाइन्स बेटांत, लेगास्पी या स्पॅनिश सरदाराने मनिला ही आपली राजधानी केली. तिथेही तटबंदीचे शहर उठले. चीनचे रेशीम मनिलातून मेक्सिकोला जाई आणि तिकडची चांदी उलट येई. हा व्यापार १८१५ पर्यंत चालला. तो संपला, पण मनिला राजधानी राहिली, वाढली. चौलच्या नशिबी ते नव्हते. मुखाशी गाळ साचत गेला, शेजारच्या मुंबईच्या खोल बंदराने व्यापार ओढून नेला, आणि १७४० मध्ये ठाणे मराठ्यांकडे आले तेव्हा त्याचा भर ओसरला होता. मात्र कोर्लई गावात आजही काही घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळीची एक बोली बोलतात. राज्य गेले, तट पडले; बोली तेवढी घराघरांत टिकली.

परतल्यावर मी तेरचे सरकारी वस्तुसंग्रहालय पुन्हा पाहिले. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर ते उभे आहे. तिथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी एक मूर्ती इटलीत पाँपेई शहरात मिळाली आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले.

ती मूर्ती पाहताना मला लहानपण आठवले. माळवदावर पसरायला आजोबांनी जुन्या टेकाडावरून गाडीभर पांढरी माती आणली होती. घरोघर अशीच आणीत. तिच्यात खापरे निघाली, एकदोन मणीही. आम्ही मुलांनी खापरे आडात भिरकावली. कुणाचा आवाज मोठा, एवढीच आमची पैज! त्यांत काय होते, हे आता कळणे नाही. आजोबांना दोष नाही, सांगणारे कोणी नव्हते. आता सांगणारे आपण आहोत. रानात नांगराला असे काही लागले, तर फेकू नका. जागा लक्षात ठेवा आणि तेरच्या संग्रहालयात दाखवा.

त्या विद्यार्थ्याला मी उत्तर अजून दिलेले नाही. येत्या रविवारी सगळ्या वर्गाला तेरला नेणार आहे. आमचे बंदर कोणते, हे तो तिथेच विचारील अशी आशा आहे.