चोवीस, पंधरा, सात

पुणेकरांना नवले पुलाच्या उताराची ओळख करून द्यावी लागत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून सुटलेला एखादा ट्रक ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. क्रेनने गाड्या उचलल्या, वाहतूक सुरळीत झाली की बातमी संपते. त्याच भागात सर्व्हिस रोडवरून जाताना एका बॉडीशॉपच्या मागच्या आवारात चेपलेल्या, धूळ बसलेल्या गाड्यांची रांग दिसली. कारागीर होते, पत्र्यावर हातोडी पडत होती, पण या रांगेला कुणी हात लावत नव्हतं. रखवालदाराला विचारलं, तर म्हणाला, "कामाला नाय थांबल्या, अप्रूव्हलला थांबल्यात." ते ऐकून चैन पडेना. मालकाची परवानगी काढून आत जाऊन बसलो.

क्लेमच्या टेबलावर एक ताई बसतात. थिनरचा वास तिथवर येतो. समोर कॉम्प्युटर असूनही त्यांचा भरवसा एका जाड रजिस्टरवर. त्यात पट्टीने आखलेले रकाने आहेत: क्लेम कळवला, सर्व्हेअर आला, गाडी खोलली, अहवाल गेला, मंजुरी आली. डावीकडे तारखा दाटीवाटीने भरलेल्या. उजवीकडे जावं तसतसे रकाने रिकामे.

"चोवीस, पंधरा, सात," त्या म्हणाल्या. "हे तीन आकडे लिहून घ्या."

विमा नियामक आयआरडीएआयने जून २०२४मध्ये काढलेल्या परिपत्रकातले हे आकडे. अपघात कळवल्यापासून २४ तासांत कंपनीने सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवायचा आणि अहवाल हाती आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. नुकसान ५० हजारांच्या वर असेल, तर परवानाधारक सर्व्हेअर लागतोच.

मग ही रांग का?

उत्तर एका पांढऱ्या टॅक्सीपाशी मिळालं. बाहेरून पाहिलं, तर बंपर फाटलेला आणि बोनेट दुमडलेलं, एवढंच. पहिलं इस्टिमेट त्यावरच गेलं होतं. डेंटरने क्लिपा काढून बंपर उतरवला, तेव्हा आतला सपोर्ट वाकलेला आणि एसीचा कंडेन्सर चेपलेला निघाला. त्याने हेडलाइट बाहेर काढून माझ्या हातात दिला. काच शाबूत, फक्त वरचा कान तुटलेला. "एवढ्या कानासाठी अख्खी लाइट," तो म्हणाला. कान चिकटवून चालेल की लाइट बदलायची, हे तो ठरवू शकत नाही. ते सर्व्हेअर ठरवणार. म्हणजे पुन्हा फोटो, वाढीव इस्टिमेट, पुन्हा सर्व्हेअरची वाट. त्याच्याकडेही अनेक गॅरेजं असतात. तोवर काम बंद.

कागदांचंही तसंच. लायसन्स पाठवलं, की दोन दिवसांनी कंपनीवाले परमिट मागतात. परमिट दिलं, की फिटनेस. सगळं एकदम मागितलं असतं, तर एका मेलमध्ये गेलं असतं. कागद नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असं तेच परिपत्रक बजावतं. दावा फेटाळत नाहीतच. एकेक कागद मागत लोंबकळत ठेवतात.

टॅक्सीचे मालक भोरकडचे. दुपारी आले. "मॅडम, आलं का काही?" ताईंनी मान हलवली. "हप्ता तर गेला बँकेत," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. विमा गाडीच्या नुकसानीचा असतो; गाडी बंद असल्याने बुडालेली कमाई पॉलिसीत येत नाही. त्यात मिळणाऱ्या रकमेतूनही घसारा वजा होतो. घसारा माफ करणारं 'निल डेप' कवच घेतलेलं नसेल, तर प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत मालकाच्या माथी. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात. ही कपात निदान पॉलिसीत छापलेली असते. उशिराची कपात कुठेच छापलेली नसते, आणि रोज गाडी चालवून रोज कमावणाऱ्याला तीच सगळ्यात महाग पडते.

ताईंनी त्यांच्यासमोरच मेल लिहिला. क्लेम नंबर, कळवल्याची तारीख, सर्व्हेअर आल्याची तारीख, पाठवलेल्या प्रत्येक कागदाची तारीख आणि शेवटी प्रश्न: अहवाल तुमच्याकडे कधी आला? "फोनवरचं हवेत जातं," त्या म्हणाल्या, "मेलला तारीख पडते." सात दिवस अहवाल पोचल्यापासून मोजायचे असतात आणि ती तारीख ग्राहकाला आपणहून कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रश्न.

मेलला दाद मिळाली नाही, तर तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जाते. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील नाही. आवारातल्या कितीतरी मालकांना हे ठाऊकच नव्हतं.

मंजुरी आली, की हे कारागीर टॅक्सी रस्त्यावर आणतील, याबद्दल मला शंका नाही; त्यांचे हात मी पाहिलेत. गाडी बाहेरच्या कचेऱ्यांमुळे अडली आहे आणि त्या कचेऱ्यांना मुदत घालून देणारा नियम झालेला आहे. तो पाळला जातो की नाही, हे बघायचं काम मात्र आज एका ताईच्या रजिस्टरवर सोडलेलं आहे. प्रत्येक बॉडीशॉपच्या दर्शनी भिंतीवर दरपत्रकाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं: २४ तास, १५ दिवस, ७ दिवस. म्हणजे भोरच्या त्या माणसाला "आलं का काही?" असं न विचारता "आज कितवा दिवस?" असं विचारता येईल.