दम धरा, हृदय जपा!

डाव्या स्तनाच्या कर्करोगात रेडिएशन देताना अडचण असते ती शेजाऱ्याची. बरगड्यांच्या आत, अगदी लागून, हृदय! त्याला किरणांपासून लांब ठेवायचा एक भन्नाट उपाय पेशंटच्याच छातीत असतो. खोल श्वास घ्यायचा आणि साधारण २० सेकंद रोखून धरायचा.

होतं काय? फुप्फुसं भरली की छाती वर उचलली जाते, खालचा पडदा आणखी खाली जातो आणि हृदय त्याच्याबरोबर खाली, मागे सरकतं. किरण तेवढ्यातच सोडायचे. श्वास सुटला, किरण बंद!

एवढा खटाटोप कशाला? स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला मिळालेली किरणांची सरासरी मात्रा एका ग्रेने (ग्रे हे तिचं एकक) वाढली, की हार्ट अटॅकसारख्या गंभीर त्रासाचा धोका मूळ धोक्याच्या ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. ‘इथपर्यंत चालेल’ अशी सुरक्षित मर्यादाही सापडली नाही. म्हणून रेडिएशन टाळायचं का? मुळीच नाही! ते उपचार जुन्या यंत्रांच्या काळातले होते, आणि बहुतेकींच्या बाबतीत रेडिएशनचा फायदा या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. पण धोका कमी करता येत असेल, तर तो केलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष खोलीत चला. हात डोक्याच्या वर, छातीवर तिळाएवढे गोंदलेले ठिपके, त्यांवर लेझरच्या रेषा जुळवलेल्या. टेक्निशियन बाहेर जातात, कॅमेऱ्यातून बघत राहतात. स्पीकरवरून आवाज येतो, ‘श्वास घ्या... रोखा...’ काही ठिकाणी डोळ्यांवर गॉगल असतो. त्यात श्वासाबरोबर एक पट्टी वर चढताना दिसते. ती ठरलेल्या चौकोनात नेऊन थांबवायची. मग ‘सोडा!’ थोडा दम खायचा, की पुन्हा तेच. दुखत काहीच नाही. घरी सराव करून गेलं, तर पहिल्या दिवसाची धडधड बरीच कमी होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ब्रिटनची. तिथल्या ‘हार्टस्पेअर’ अभ्यासात दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या. एकीत तोंडात नळी, नाकाला चिमटा आणि श्वास अडवणारी झडप. दुसरीत पेशंटने आपणच श्वास रोखायचा, बाकी खोलीतले लेझर आणि गोंदणाचे ठिपके. हृदयाचं रक्षण दोन्हींत सारखंच! वर साधी पद्धत स्वस्त, वेळही कमी, आणि पेशंटना तीच जास्त पसंत. महागडं यंत्र नसलेल्या आपल्याकडच्या रुग्णालयांसाठी ही फार मोलाची बातमी आहे.

५ मिनिटं श्वास रोखता येईल? बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे करून दाखवलं, तेही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशंटबरोबर. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. त्यांनी आधी यंत्राने तो कमी केला, जादा ऑक्सिजन दिला, आणि एका दमात सरासरी ५ मिनिटांच्या पुढे मजल गेली. घरी मात्र हा प्रयोग अजिबात नको!

उपचार डाव्या बाजूचे असतील, तर प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनआधीच डॉक्टरांना विचारा, ‘श्वास रोखून देता येईल का?’ तो स्कॅनही श्वास रोखूनच काढावा लागतो.