कानातला मळ कोरू नका
गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "कान कशानं साफ करता?" उत्तरं आली: केसांचा आकडा, काडेपेटीची काडी, सेफ्टीपिन! म्हणून आज कानाबद्दल बोलू.

कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो धूळ अडवतो, आणि आपण बोलतो-चावतो तसा हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. काडी घातली की उलटा आत दाबला जातो, दडा बसतो. पडदाही फाटू शकतो. कापूस लावलेली काडीसुद्धा नकोच.

मग करायचं काय? कान फक्त बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा. दडा बसलाच, तर औषधाच्या दुकानात मळ मऊ करणारे थेंब मिळतात. कुशीवर झोपून सांगितले तेवढेच घाला आणि 5 मिनिटं तसंच पडून राहा. 3 ते 5 दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे जा. लसूण घालून तापवलेलं तेल ओतू नका.

कान दुखतो, पू किंवा रक्त येतं, पडद्याला भोक आहे, तर काहीही न घालता आरोग्य केंद्रात जा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर "मळच असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

आकडा केसांतच शोभतो, बायांनो!